बदल्यात काही नाही

आमच्या फॉर्ममध्ये एकशे बारा प्रश्न होते. किती, केव्हा, कुठे, कोणी. 'का' एकही नव्हता. ही तक्रार नाही, तेव्हा मला ते सोयीचंच वाटायचं. 'का' विचारलं की माणसं बोलत सुटतात, आणि मला एका फॉर्मचे ऐंशी रुपये मिळायचे, मग तो वीस मिनिटांत भरून होवो नाहीतर दोन तासांत.

मी वैदेही. अंबरनाथला राहते. एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीत सोळा वर्षं लॅबमध्ये होते, ती बंद पडली. त्यानंतर आठ महिन्यांनी माझा नवरा अवधूत गेला. छातीत दुखतंय म्हणाला, रिक्षात बसला आणि हॉस्पिटलच्या दारात उतरलाच नाही. याला तीन वर्षं झाली. लोक म्हणतात, रडून मोकळी हो. मला रडू येत नाही. खरं सांगायचं तर कशाचंच काही वाटत नाही. भूक लागते, झोप येते, लाइट बिल भरते. अशा बाईला सर्व्हेचं काम छान जमतं.

काम असं होतं. एका संस्थेने तीन ठिकाणं निवडली होती: उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या काही गल्ल्या, अंबरनाथची एक वस्ती आणि बदलापूर पूर्वेला टेकडीखालचं एक गाव. तिथल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या खात्यात दर महिन्याला तीन हजार रुपये, दोन वर्षं. गरीब आहे का, काम करतो का, दारू पितो का, काही विचारायचं नाही. अट एकही नाही. बसल्या जागी पैसे मिळाले तर माणूस आळशी होतो की सुखी होतो, एवढंच त्यांना बघायचं होतं. माझी गल्ली यादीत नव्हती. रुळांच्या पलीकडची होती. त्याचंही मला काही वाटलं नाही. म्हणजे पहिल्या महिन्यात थोडं वाटलं.

कोंडाजी आणि कौसाबाई हे बदलापूरच्या गावातले. जानेवारीत मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले. कोंडाजींचं वय सदुसष्ट. घरामागे अकरा गुंठे जमीन, तीत भेंडी, वाल आणि दोन आंबे. जमिनीच्या तिन्ही बाजूंना सतरा-सतरा मजल्यांचे टॉवर उभे राहत होते, त्यामुळे भेंडीवर दुपारी दोननंतर ऊन येत नाही, असं कोंडाजींनी मला न विचारता सांगितलं.

"आनि बदल्यात काय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, बाबा."

"कायच नाय?"

"काहीच नाही. आधार कार्ड दाखवा, इथे सही करा आणि दोघं घरासमोर उभे राहा. एक फोटो काढते."

संमतीपत्र चार पानांचं होतं. ते सगळं वाचून दाखवायचा नियम होता. त्याला अर्धा तास लागतो. त्या दिवशी मला अजून नऊ घरं करायची होती. मी पहिल्या पानाच्या चार ओळी वाचल्या आणि शेवटच्या पानावर बोट ठेवलं. कोंडाजी उठले, हात धुऊन आले, टोपी घातली, मागच्या दारातून जमिनीकडे एकदा बघून घेतलं आणि मग सही केली. मला वाटलं, जुनी माणसं, सहीचं अप्रूप असतं.

कौसाबाईंनी चहा दिला. त्यांना काचबिंदू होता. डाव्या डोळ्याने कमी दिसायचं, उजवा ठीक होता. रोज रात्री दोन्ही डोळ्यांत थेंब घालावे लागायचे, जन्मभर. महिन्याला अकराशे रुपये. ते पैसे मुलगा पाठवायचा. मुलगा अक्षय कॅम्प पाचमध्ये राहतो, जीन्सच्या कारखान्यांचा माल टेम्पोने पोचवतो.

"आता पोराला जरा आराम," कौसाबाई म्हणाल्या. "थेंबाचं पैसं आमचे आमी देव."

मी 'आरोग्यावरील मासिक खर्च: अकराशे' असं टॅबमध्ये भरलं.

फेब्रुवारीपासून पैसे येऊ लागले. मी मे महिन्यात दुसऱ्या फेरीला गेले तेव्हा कोंडाजी घरी नव्हते. समोरच्या टॉवरच्या गेटवर निळा शर्ट घालून, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. वॉचमन. सकाळी आठ ते रात्री आठ, नऊ हजार पगार.

"रोज किती तास काम करता?"

"बारा."

पूर्वी शेतात पाच तास. मी दोन्ही आकडे भरले. सदुसष्टाव्या वर्षी, बसून खायला मिळायला लागल्यावर, माणूस बारा तास काम का धरतो, हा प्रश्न कोणालाही पडावा. मला पडला नाही. फॉर्ममध्ये नव्हता.

तिथून घरी गेले. कौसाबाई वालाच्या शेंगा सोलत होत्या.

"औषधांवर किती खर्च होतो, मावशी?"

"नाय होत."

"थेंब?"

"आता नाय लागत."

मी शून्य भरलं. सोळा वर्षं लॅबमध्ये काढलेल्या बाईला काचबिंदूचे थेंब 'आता नाय लागत' असं कधी होत नसतं, हे कळायला हवं होतं. कळलंही असेल. पुढच्या प्रश्नावर गेले.

मधल्या काळात मी बाकीची घरं करत होते, आणि तिथे जे दिसत होतं ते कुठल्याच एका बाजूला बसत नव्हतं. कॅम्प पाचमध्ये बायका घरी बसून जीन्सचे सुटलेले धागे कापतात. हातात तीन हजार आल्यावर त्यांनी शेठला सांगितलं, दर वाढव, नाहीतर गठ्ठा उचलून ने. शेठने दोन आठवडे दम खाल्ला आणि तिसऱ्या आठवड्यात गठ्ठे पलीकडच्या गल्लीत दिले. पलीकडची गल्ली यादीत नव्हती, त्यामुळे त्यांना जुना दर चालत होता. दोन्ही गल्ल्यांतल्या बायका आता पाण्याच्या नळावर एकमेकींशी बोलत नाहीत. राजाबाई म्हणून एक होत्या. चोवीस वर्षं दारुड्या भावाकडे शिव्या खात राहिल्या होत्या. त्यांनी तिसऱ्या महिन्यात स्वतःची खोली भाड्याने घेतली. मला आत बोलवून नुसती कडी दाखवली. आतून लावायची कडी. "मैं लगाती है, मैं खोलती है," म्हणाल्या. त्यांच्याच शेजारच्या एकाने काम सोडलं आणि दिवसभर मोबाइलवर पत्ते खेळायला लागला. त्याच्या बायकोचा दुसरा हप्ताही तोच खेळला. मी सगळं भरत गेले.

ऑगस्टमध्ये कौसाबाईंनी मला दारात विचारलं, "कोन? सोनिया का?" सोनिया म्हणजे सून, अक्षयची बायको. ती माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे आणि वीस वर्षांनी लहान. मी म्हटलं, मी सर्व्हेवाली. त्या हसल्या. नोव्हेंबरमध्ये त्या चुलीपासून दारापर्यंत भिंतीला हात लावत आल्या. 'गेल्या तीन महिन्यांत डॉक्टरकडे किती वेळा गेलात?' 'नाय गेली.' शून्य.

फेब्रुवारीत पहिल्या वर्षाचा अहवाल झाला. राजसी मॅडम संस्थेच्या इथल्या प्रमुख. अठ्ठावीस वर्षांची, मनापासून काम करणारी मुलगी, तिला नावं ठेवायला मला जमणार नाही. तिने पडद्यावर कोंडाजींचा फोटो लावला. निळा शर्ट, प्लॅस्टिकची खुर्ची.

"लोक म्हणतात फुकट पैसे दिले की माणूस काम सोडतो," ती म्हणाली. "हे बाबा बघा. पाच तासांवरून बारा तास! आणि आरोग्यावरचा खर्च शून्यावर आलाय. म्हणजे तब्येत सुधारलीय. I mean, यापेक्षा मोठा पुरावा काय हवा?"

टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. चांगली माहिती आणली म्हणून मला पाचशे रुपये जास्त मिळाले. त्यातून मी गॅस भरला.

मग मे महिना आला. पाचवी फेरी, पैसे सुरू होऊन पंधरा हप्ते झालेले. या वेळी कोंडाजी गेटवर नव्हते, घरी होते. पांढरा शर्ट, टोपी. शेजारच्या खुर्चीवर त्यांचे चुलतभाऊ भगवंत बसले होते. मध्ये स्टुलावर एक नारळ आणि कापडी पिशवी. कौसाबाई दिसत नव्हत्या. मागे आंब्याखाली बसल्यात, असं भगवंत म्हणाले. व्यवहाराच्या बोलण्यात बायका बसत नाहीत.

"कसला व्यवहार?" मी विचारलं.

कोंडाजींनी पिशवी माझ्याकडे सरकवली. "एक लाख ऐंशी हजार. मोजून घ्या, बाय. भगवंत साक्षीला हाय. आनि आता आमचा कागद आमचे समोर फाडा."

"कसले एक लाख ऐंशी?"

"तुमचे नव्वद. दुप्पट केलेत. इसार मोडतोय आमी."

मी खुर्चीवर बसले. इसार म्हणजे जमीन घेणारा आगाऊ देतो ती रक्कम. ती एकदा घेतली की जमीन अर्धी गेलीच म्हणायची. विकणाऱ्याचं मन फिरलं तर त्याने साक्षीदारासमोर दुप्पट परत करायची, तेव्हाच सौदा मोडतो. भगवंतांकडे बिल्डरचा एजंट असाच आला होता. गोड बोलला, बदल्यात आत्ता काही नको म्हणाला, आधार कार्ड घेतलं, सही घेतली, घरासमोर फोटो काढला, पैसे दिले. भगवंतांनी ते लेकीच्या लग्नात खर्चले. परत करायला दुप्पट कुठून आणणार? कोंडाजींच्या भेंडीवर सावली टाकणारा टॉवर भगवंतांच्या जमिनीवर उभा आहे. आणि जानेवारीत मी त्या दारात जाऊन तेच, त्याच क्रमाने केलं होतं.

"पयलं पैसं आलं तवा भगवंत बोलला, यो इसार हाय. बँकेन जाऊन सांगितला, पैसं बंद करा," कोंडाजी म्हणाले. "साहेब हसला. बोलला, येतान तर येऊ द्या बाबा, तुमचा काय जातंय? दर महिन्याला सहा हजार येत. म्हंजे माझे डोक्यावर बारा चढत. म्हनून नोकरी धरली."

"मी इतक्या वेळा येऊन गेले ना! मला विचारायचं."

"तुमी तेंचीच मानसं. तुमाला काय विचारायचा?" आवाजात राग नव्हता, तेच जास्त वाईट. "तुमी पन कदी विचारला नाय, म्हातारा या वयान कामाला का जातो म्हनून."

मी बॅगेतून संमतीपत्र काढलं. पाचव्या फेरीला त्यावर परत सही घ्यायची असते म्हणून ते बरोबर होतं. चारही पानं वाचली. अर्धा तास लागला. मागे कुठेतरी मिक्सर ट्रक फिरत होता. 'या रकमेच्या बदल्यात संस्थेचा लाभार्थीवर किंवा त्याच्या मालमत्तेवर कोणताही हक्क राहणार नाही,' हे वाक्य मी दोनदा वाचलं. कोंडाजींवर काही परिणाम झाला नाही. असली वाक्यं त्यांनी पुष्कळ ऐकली होती.

"गट नंबर कंचा टाकलाय?" त्यांनी विचारलं.

"नाही टाकलेला."

"नाय कसा? आनि चतुःसीमा?"

जमिनीच्या चारही बाजूंना कोण कोण आहे, ते लिहिल्याशिवाय जमिनीचा कागद होत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी पानं त्यांच्यापुढे धरली. "कुठेच नाही, बाबा. हा जमिनीचा कागदच नाही."

त्यांनी पानं भगवंतांना दिली. भगवंतांनी ती चष्म्याजवळ नेऊन एकदा पुढून वाचली, एकदा मागून. मग खाली ठेवली.

"नाय रे, कोंडा," ते म्हणाले. "जमीन नाय याच्यान."

कोंडाजी पिशवीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे मी वाचवला काय?"

मी पानं गोळा करून बॅगेत ठेवली.

"तिनंच सांगितला मना," ते म्हणाले. "या पैशाला हात नको लावू. थेंब बी नको आनू. जमीन गेली तर बघायचा काय डोल्यांनी, बोलली. पोराला पन तिनंच सांगितला, आता पाठवू नको, आमाला मिलतान."

मी अंगणात येऊन अक्षयला फोन लावला. तो कॅम्प दोनच्या मार्केटमध्ये माल उतरवत होता. "मॅडम, मला काय माहिती?" तो ओरडला. "आई बोलली पैसा आता है अभी, तू मत भेज. मी बंद केले. टेम्पोचा हप्ता भरला त्यात. मला वाटलं ते मजेत आहेत, कसम से." मग त्याचा आवाज बसला. "आईला एकदम दिसत नाय का?"

मी राजसी मॅडमलाही फोन केला. ती रडली. मला तिचा हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी अक्षय टेम्पो घेऊन आला आणि आम्ही चौघं उल्हासनगरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. खरं तर मला जायचं काही कारण नव्हतं, त्याचे ऐंशी रुपये कोणी देणार नव्हतं. डॉक्टरांनी तासभर तपासलं. कौसाबाईंना बाहेर बाकावर बसवून त्यांनी आम्हाला आत बोलावलं. डावा डोळा पूर्ण गेला होता. उजव्यात मधोमध थोडं उरलं होतं, दाराच्या फटीएवढं. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. उरलेली किती दिवस धरून ठेवता येईल ते बघू.

"थेंब का बंद केले?" डॉक्टरांनी विचारलं.

पंधरा महिन्यांत तो प्रश्न पहिल्यांदाच कोणीतरी विचारत होतं. कोंडाजींनी मान हलवली, म्हणजे सांगता येणार नाही. रिक्षातून अवधूतला उतरवतानाही मला काही वाटलं नव्हतं. आता मला भयंकर वाईट वाटत होतं, आणि ते वाटणं इतक्या दिवसांनी आलं होतं की ते कुठे ठेवायचं ते मला कळत नव्हतं.

बाहेर येताना कोंडाजींनी माझी बाही धरली. "बाय, तिला नका सांगू."

"डोळ्यांचं? ते तर त्यांना कळणारच."

"डोल्यांचा नाय. इसाराचा. तिला वाटू दे, जमीन सुटली. नायतर तिचे डोले कशापायी गेले?"

कौसाबाई बाकावर ताठ बसल्या होत्या. आमची पावलं ऐकून त्यांनी तोंड आमच्याकडे वळवलं, थोडं चुकीच्या बाजूला. डॉक्टर काय म्हणाले, हे त्यांनी विचारलंच नाही.

"बाय," त्या म्हणाल्या, "इसार मोडला ना?"

"मोडला, मावशी."

"जमीन सुटली?"

"सुटली. पूर्ण अकरा गुंठे."

"काल आंब्याखाली बसलेली मी. कान देऊन बसलेली. कागद फाडल्याचा आवाज काय आला नाय मना."

कोंडाजी माझ्याकडे बघत होते. मी बॅग उघडली. संमतीपत्र काढलं, त्यांच्या शेजारी बसले आणि चारही पानं एकेक करून फाडली, सावकाश, त्यांच्या कानाजवळ. दवाखान्यातली माणसं बघायला लागली. अक्षय दाराबाहेर निघून गेला. कौसाबाईंनी शेवटचं पान फाटेपर्यंत श्वास धरून ठेवला होता. मग त्यांनी तो सोडला आणि हाताने चाचपत कोंडाजींचा गुडघा शोधला.

"झाला मोकला," त्या त्यांना म्हणाल्या. "आता सोडा ती नोकरी."